तंगूस जाळ्यातले तीन वारकरी

जानेवारीतली पाणपक्ष्यांची मोजणी म्हणजे दुर्बीण लावून बसणं, असं लोकांना वाटतं. खरं तर मोठ्या थव्यातला एकेक पक्षी कुणीच मोजत नाही. दहा पक्ष्यांचा गठ्ठा नजरेत बसवायचा आणि तोच थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. जळगाव जिल्ह्यातलं एक्केचाळीस दरवाजांचं हतनूर धरण, मागे पसरलेलं तापीचं पाणी, चांगदेवला येऊन मिळालेली पूर्णा. एवढ्या पसाऱ्यात दुसरा उपाय नाही.

त्या सकाळी पूर्णेच्या तोंडाजवळ वारकऱ्यांचा थवा पुढे सरकला आणि तीन ठिपके जागीच राहिले. वारकरी म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी. इथे मासेमारी करणाऱ्या आप्पांनी थर्माकोलचा तराफा तिकडे वळवला. बुडालेल्या बाभळीच्या खोडाला जुनं तंगूस, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं अडकलं होतं. जाळं तरंगवणाऱ्या बोयांवर शेवाळ चढून ते पाण्याखाली गेलेले, त्यामुळे वरून काहीच दिसत नव्हतं. एक वारकरी बुडून मेलेला, दोन जिवंत.

माझा हात कात्रीकडे गेला. आप्पा म्हणाले, "कापू नको भो. आधी तो शिरला कुठून ते पाह्य."

सगळी मेख इथेच आहे. पक्षी जाळ्याच्या ज्या बाजूने घुसतो, त्याच बाजूने बाहेर निघतो. ओढून पलीकडे काढायला गेलं की पंख मोडतो. तळवा पाठीवर ठेवायचा, पंख मिटलेले, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, डोक्यावर फडकं. डोळे झाकले की धडपड निम्मी होते. आधी पाय सोडवायचे. वारकऱ्याच्या बोटांना पाळ्या असतात, धागा नेमका त्यांच्या खाचेत बसतो. मग एक पंख, दुसरा पंख, मान शेवटी. धागा कातडीत रुतला असेल तरच कात्री लावायची, आणि तुकडा अंगावर उरला नाही ना, हे पंखाखाली, मांडीच्या सांध्यात आणि जिभेभोवती बघायचं. राहिलेला एक फास पुढे पाय सडवतो. हे शेवटचं वाचवणाऱ्यांच्या फोटोत कधी दिसत नाही. पक्षी हवेत उडवला की टाळ्या! ओल्या पिसांचा पक्षी लगेच पाण्यात सोडला तर बुडतो, म्हणून दोघांना पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीला ठेवलं.

मग जाळं. सुताची जाळी कुजायची, नायलॉन कुजत नाही. मालक विसरला तरी ते मारतच राहतं. आप्पांनी शिशाच्या गोळ्या सोडवून खिशात टाकल्या आणि उरलेलं पोत्यात कोंबलं. आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाची रुंदी, जेमतेम दोन बोटं. आप्पांच्या स्वतःच्या जाळ्याची आस चार बोटांच्या खाली कधी नसते. कारण सरळ आहे: कटला, रोहू धरणाच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, पहिल्या पुराबरोबर वर वाहत्या पाण्यात चढतात. आषाढात नदीच्या मुखाला जाळं लावणारा पुढच्या सालाचं बी खातो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी कागदावर सगळ्यांनाच असते. पाळतो तो, ज्याचं पोट या पाण्यावर आहे. सगळे भोई आप्पांसारखे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. ते दोन बोटांचं जाळंही कुणा मासेवाल्याचंच होतं.

अमेरिकेत १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो, आणि १९५० पासून गळ-दोऱ्यांवरच्या कराचा माशांच्या. शिकारी आणि गळवाले तिथे हे छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार संपली, तो हिशेब इथे लागू होत नाही. आप्पांचा हिशेब तर कुठेच नाही. आमच्या मोजणीच्या तक्त्यात 'धोके' असा रकाना आहे आणि त्यात 'मासेमारी' पुढे खूण करायची असते. जाळं कुणी काढलं याला रकाना नाही. मी खूण केली, कारण जाळं खरंच होतं. शेऱ्यात दोन ओळी लिहिल्या. वरच्या कार्यालयात आकडे चढवताना शेरे चढवत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

एक गोष्ट तक्त्यात लिहिली नाही. पोत्यात कोंबण्याआधी आप्पांनी जाळ्याचा कोपरा उलगडून गाठ पाहिली होती. प्रत्येकाची गाठ मारायची पद्धत वेगळी असते, हे त्यांनीच मला पूर्वी शिकवलंय.

"कुणाचं आहे आप्पा?"

"पान्यातलं," म्हणाले, आणि तो कोपरा तेवढा कापून शिशाच्या गोळ्यांबरोबर खिशात टाकला.