अ‍ॅना सफरचंद, चौथं वर्ष : रंगावर विश्वास ठेवणं सोडलं

बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. मागच्या वेळी म्हटलं होतं ना की यंदा तरी खाण्यालायक फळं मिळतील, तर मिळाली बाबा एकदाची!

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, अ‍ॅना ही इस्रायलची जात, ऐन शेमेर किबुत्झवर (तिथली सामूहिक शेतीची वसाहत) अब्बा स्टाइन यांनी रेड हदासिया आणि गोल्डन डिलिशसच्या संकरातून काढलेली, थंडी कमी लागते (७ अंशांखालचे साधारण ३०० तास पुरतात) आणि पिकते लवकर. माझं कलम एमएम १११ खुंटावर (म्हणजे खालचं मुळांचं झाड, ज्यावर कलम बांधतात) आहे, शेजारी डॉर्सेट गोल्डन ही सफरचंदाचीच दुसरी जात लावलीये परागीकरणासाठी, दोघं जवळपास एकाच वेळी फुलतात. अ‍ॅना एकटी असली तरी थोडीफार फळं धरते म्हणतात, पण डॉर्सेट फुलायच्या आधीच्या वर्षी माझ्याकडे एकच फळ टिकलं होतं, त्यामुळे मी काही ती रिस्क घेणार नाही.

आता विरळणी. दुसऱ्या वर्षी जीव होईना म्हणून एकही फळ काढलं नव्हतं, परिणाम काय तर लिंबाएवढी फळं आणि एक फांदी खाडकन मोडली. यंदा मन घट्ट केलं, फळं गोटीएवढी झाली तशी प्रत्येक घोसात एकच ठेवलं, शक्यतो मधल्या फुलाचं कारण ते बहुतेक सगळ्यात जाड असतं, आणि दोन फळांत वीतभर अंतर. २४ राहिली. खाली पडलेला ढीग बघून पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू.

पण खरा घोळ तोडणीचा. गेल्या वर्षी मी पूर्ण लाल व्हायची वाट बघत बसलो आणि हातात आली ती रवाळ, पिठूळ, चव गेलेली फळं. लवकर पिकणाऱ्या जातींचं हेच दुखणं, पिकायला लागली की थांबत नाहीत. आणि लाली तर उन्हावर असते, उन्हाकडचा गाल लाल झाला म्हणजे फळ तयार असं नाही, बघायचा तो लालीखालचा हिरवा रंग पिवळट होतोय का ते.

म्हणून यंदा आयोडीन टेस्ट केली. फळ आडवं कापायचं, कापलेल्या बाजूला आयोडीनचं पातळ द्रावण लावायचं, मिनिटभर थांबायचं, जिथे स्टार्च आहे तिथे निळं-काळं होतं आणि जिथे त्याची साखर झालीये तिथे पांढरं राहतं. फुलल्यापासून ८८ व्या दिवशी अख्खी फोड शाईत बुडवल्यासारखी काळी. ९५ व्या दिवशी बियांभोवती चांदणीसारखा पांढरा आकार, कडेला अजून काळंच. ९९ ला निम्म्याहून जास्त पांढरी, त्याच संध्याकाळी तोडायला घेतली. (टेस्टची फोड खायची नाही हं, सरळ फेकायची.) बिया मात्र तेव्हा अर्ध्याच तपकिरी होत्या, लवकरच्या जातीत बियांच्या रंगावर फार जाऊ नका, नाहीतर माझ्यासारखे थांबून राहाल.

हिशोब असा, ३ पाखरांनी टोचली, ३ टेस्टमध्ये गेली, १६ दोन खेपांत तोडली. करकरीत, थोडी आंबटगोड, पहिला चावा घेतला तर रस मनगटावर ओघळला!! चार फ्रीजमध्ये ठेवलीत किती टिकतात बघायला, दर आठवड्याला एक कापतोय, दोन झाली, दुसरं पहिल्यापेक्षा जरा मऊ होतं पण चव चांगली.

उरलेली दोन मुद्दाम झाडावरच सोडली होती, बघू तरी म्हणून. १०६ व्या दिवशी एक आपोआप पडलं, दुसरं दिसायला लालबुंद, फोटोत तेच सगळ्यात देखणं आलंय, आणि अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला.