सदतीस जणांची लेझीम

26 जानेवारीच्या लेझीमसाठी यंदा माझ्या पाचवीचे 37 जण मैदानावर उतरले. हलगीला सातवीतला मुलगा होता, चुन्याच्या रेघा मारून झाल्या होत्या, पण रांगा काही जुळेनात. चार-चारच्या केल्या, एक उरला. पाच-पाचच्या केल्या, दोन उरले. सहा-सहाच्या केल्या, पुन्हा एकच. उरणारी दर वेळी तीच बुटकी मुलगी. "बाई, मीच का?" म्हणताना तिचा आवाज कापत होता.

मी तिच्या हातात शिट्टी दिली. उरले 36. मग सहा रांगा सहाच्या, चार रांगा नवाच्या, तीन रांगा बाराच्या. मागाल ती रचना जमली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मूळ संख्या शिकवायच्या होत्या, पण फळ्यावर व्याख्या लिहिलीच नाही. विचारलं, काल 37 ला काय झालं होतं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सगळे एकाच रांगेत उभे राहिलो असतो तर कुणीच उरलं नसतं." मूळ संख्या ती हीच. 1 आणि ती स्वतः, एवढेच दोन विभाजक. 36 सारख्या, जिच्या अनेक रांगा होतात, त्या संयुक्त.

इतकी वर्षं मी आधी व्याख्या पाठ करून घेत होते. मुलं ती घडाघडा म्हणायची आणि 9 ला मूळ ठरवायची, कारण विषम आणि मूळ त्यांच्या डोक्यात एकच झालेलं असायचं. आता नऊ जणांना उभं केलं की तीन रांगा आपोआप होतात. 2 सम असूनही मूळ, हेही दोघांना उभं केल्यावर पटतं.

1 वर मात्र थांबावं लागतं. त्याला विभाजक एकच, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. यामागचं कारण मुलांना सांगायलाच हवं असं मला वाटतं. 36 फोडायला 6 × 6 ने सुरुवात करा किंवा 4 × 9 ने, शेवटी हाती 2, 2, 3, 3 याच मूळ संख्या लागतात. 1 ला त्यांच्यात बसवलं, तर पुढे हवे तेवढे एक जोडत बसता येईल आणि ही एकमेव फोड राहणार नाही.

मग फरशीवर खडूने 1 ते 100 लिहिले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची चाळणी लावली: 1 बाजूला, मग 2, 3, 5, 7 ठेवून त्यांच्या पटीतल्या बाकी संख्या खोडायच्या. उरल्या 25. सगळ्यात मोठा वाद झाला 91 वरून. सातचा पाढा आपण दहापर्यंतच म्हणतो, त्यामुळे तो सत्तरवर संपतो आणि 91 सुटून जातो. "तेरा सत्ते?" मी म्हटलं. एकदम गलका झाला, "एक्याण्णव!"

शिट्टीवाली सुट्टीतही फरशीवरच बसून होती. 100 नंतरही मूळ संख्या असतात का, असं तिने विचारलं. संपतच नाहीत, मी सांगितलं, युक्लिड नावाच्या प्राचीन ग्रीक गणितज्ञाने ते सिद्ध करून ठेवलंय. तिने 101 पासून लिहायला घेतलं. 120 पर्यंत 2, 3, 5, 7 चे हेच चार पाढे पुरतील, पण 121 आला की अकराचा घ्यावा लागेल, एवढं सांगून मी खडूचा नवा तुकडा तिच्याजवळ ठेवला.