प्रागमध्ये तीन तासांच्या आत परत मिळवलेले २०० युरो

लेक जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शिकते. तिला भेटायला गेलो तेव्हा तिची परीक्षा चालू होती, म्हणून मी आणि हे दोघंच दोन दिवसांसाठी रेल्वेनं प्रागला गेलो. पाकिटात युरो होते. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असलं तरी तिथे कोरुना चालतात, हे माहीत होतं. तिथे पोहोचलो की बदलून घेऊ, असा विचार केला.

जुन्या शहराच्या चौकाजवळ एका दुकानावर 'शून्य टक्के कमिशन' असं ठळक लिहिलेलं, आणि खाली २५ च्या वरचा आकडा. मी पन्नासच्या चार नोटा खिडकीतून आत सरकवल्या. किती मिळतील, हे आधी विचारलंच नाही. काउंटरवरच्या बाईंनी ३,७०० कोरुना आणि पावती दिली. बाहेर येऊन आम्ही १५० कोरुनांची कॉफी घेतली, आणि मग यांनी मोबाइलवर हिशेब केला. युरोला साडेअठरा! बाजारभाव २५ च्या आसपास होता. पाटीवरचा मोठा आकडा ते युरो विकतात त्या दराचा होता. आपल्याकडून घेतात तो दर शेजारी बारीक अक्षरात. सरळ १,३०० कोरुनांचं, म्हणजे सुमारे पाच हजार रुपयांचं नुकसान. माझ्या पोटात गोळाच आला.

लेकीला फोन लावला. "आई, पावती टाकली नाहीस ना? वेळ काय आहे तिच्यावर?"

पावतीवर ११:४२. फोनमध्ये १२:५०.

तिनं सांगितलं ते मला आजही लख्ख आठवतं. १ एप्रिल २०१९ पासून चेक कायद्यानुसार १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही, पैसे कापत नाहीत. फक्त मिळालेली रक्कम पुरती परत द्यायची आणि पावती दाखवायची. या दुकानांवर देखरेख चेक नॅशनल बँकेची असते. तिच्या संकेतस्थळावरची माहिती लेकीनं लगेच पाठवली.

अडचण एवढीच की १५० कोरुना खर्च झाले होते. एटीएम गाठायला हवं होतं. यांचं कार्ड नुकतंच नवीन आलेलं. २०२० पासून आपल्याकडे नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर आपणच ॲपमधून सुरू करायचा असतो. ते राहून गेलं होतं, आणि रोमिंग बंद असल्यानं ओटीपीही येईना. माझं कार्ड निघण्याआधीच चालू केलेलं होतं, म्हणून निभावलं.

चौकातून जाताना एक वाजला. १४१० सालच्या त्या प्रसिद्ध घड्याळाखाली माणसं मोबाइल वर धरून उभी होती. आम्ही मान वर न करता पुढे गेलो.

बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएमवर २,००० कोरुना मागितले, तर पडद्यावर रुपयांतली रक्कम आली: या दरानं स्वीकारता का? लेक फोनवर होतीच. "नाही म्हण आई, कोरुनाच निवड." रुपये निवडले असते तर दर मशीनवाल्याचा लागला असता, बाजारभावापेक्षा जवळपास दहा टक्के महाग. मी नकार दिला, तरी पैसे आले. नकार दिला की व्यवहारच रद्द होईल, असं मला वाटत होतं. तसं होत नाही.

दुकानात परत गेलो. "नो रिफंड," बाई म्हणाल्या. मी पावती काचेवर टेकवली, वेळेवर बोट ठेवलं, शेजारी मोबाइलवर बँकेचं पान धरलं. आवाज चढवला नाही, पण खिडकीसमोरून हललेही नाही. मागे रांग वाढत होती. त्यांनी आत कुणाला तरी विचारलं, मग एक कागद पुढे केला. मी सही केली, ३,७०० कोरुना मोजून दिले. तीन पन्नासच्या, दोन विसाच्या आणि एक दहाची नोट बाहेर आली. यांनी त्या तिथेच उभं राहून दोनदा मोजल्या.

तेव्हा पावणेदोन झाले होते. दोनच्या ठोक्याला घड्याळाखाली उभं राहून आम्ही वरच्या दोन्ही खिडक्यांतून सरकणारे बारा प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे शेवटपर्यंत पाहिले.