त्या रात्री स्टिअरिंग मामाच्या हातात होतं

मी दापोलीचा. रियाधमध्ये एकाच घरी नऊ वर्षं गाडी चालवली. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिलेला ‘साइक खास’, म्हणजे घरगुती ड्रायव्हर. मालकीण शाळेत शिकवायची. घरकामाची माणसं तिकडे मालकिणीला ‘मामा’ म्हणतात, मीही तेच म्हणायचो. सौदीत तेव्हा बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून तिची शाळा, मुलांची शाळा, बाजार, सगळं माझ्या गाडीवर. मध्यरात्री पोराला ताप चढला तरी ती माझ्या खोलीचं दार वाजवायची. परपुरुषाजवळ बाईने एकटं असू नये म्हणायचं आणि तिला रोज माझ्यासारख्या परक्याच्या गाडीत एकटीला बसवायचं, हे मला नऊ वर्षांत कधी पटलं नाही.

२६ सप्टेंबर २०१७ला सौदीचे राजे सलमान यांचं फर्मान आलं. बायकांना गाडी चालवायची मुभा, २४ जून २०१८पासून. गल्लीतल्या आम्हा ड्रायव्हरांत त्या रात्री एकच विषय होता, आता आपलं काय? माझं गावचं घर अर्धं बांधून पडलं होतं. खरं सांगतो, आनंद व्हायला मला बरेच दिवस लागले.

२३ जूनच्या रात्री साडेअकराला मामाने हाक मारली. जॉर्डनला शिकताना काढलेलं लायसन्स बदलून तिने सौदी रुखसा, म्हणजे तिथलं लायसन्स, घेतला होता. सीट माझ्या उंचीची, तिचे पाय पोचेनात. मी सीट पुढे सरकवली, आरसा खाली केला आणि उजवीकडे बसलो. मागे तिची आई.

बारा वाजून गेले तशी गाडी किंग फहद रोडला लागली. मामा चाळीसच्या वर जाईना, स्टिअरिंग गच्च धरलेलं. मागून आई बोलायला लागली. नोव्हेंबर १९९०मध्ये याच शहरात ४७ बायकांनी गाड्या चालवल्या होत्या. पोलिसांनी धरलं, नोकऱ्या गेल्या, पासपोर्ट काढून घेतले. त्यातली एक आईच्या ओळखीची होती. “तिला आज फोन करायला हवा,” आई म्हणाली. सिग्नलला मुरूरचा, म्हणजे ट्रॅफिकचा, पोलीस दिसला, तेव्हा मामाचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. त्याने हात वर करून ‘मबरूक’, म्हणजे अभिनंदन, म्हटलं.

हाच हक्क मागणारी लुजैन अल-हथलूल मे महिन्यातच पकडली गेली होती. ती सुटली २०२१च्या फेब्रुवारीत. गाडीत तिचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. ते मला अजून टोचतं.

दीडला घरी आलो. सवयीने मामाने चावी माझ्यापुढे धरली, मग परत मुठीत घेतली. मी खाली उतरून मागे उभा राहिलो आणि हात दाखवत सांगत गेलो, “यमीन, मामा, यमीन… शवय्या… बस.” म्हणजे उजवीकडे, उजवीकडे, थोडंसं, बस. तिसऱ्या खेपेला गाडी गॅरेजात बसली.

पुढे चौदा महिन्यांनी मला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं देश सोडायचा परवाना, मिळालं. तोवर मुलांच्या शाळेच्या फेऱ्या माझ्याकडेच होत्या, तिच्या स्वतःच्या शाळेला मात्र ती एकटी जायची.