योंगनाक मंडळीविषयी, तुम्ही विचारलेत म्हणून

मी मूळचा कोल्हापूरचा असून सोल शहरात योंगनाक मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) उपासनेला जातो, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढी मोठी प्रेस्बिटेरियन (एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाची) मंडळी उभी कशी राहिली आणि तुम्ही लोक नेमके मानता तरी काय?

ती उभी राहिली कोरियाच्या फाळणीमुळे. 1945 मध्ये जपानची सत्ता संपून अडतिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेला सोव्हिएत सैन्य आले, तेव्हा कोरियातले बहुसंख्य प्रेस्बिटेरियन त्याच उत्तर भागात राहत होते. पाळक (धर्मगुरू) हान क्योंग-जिक उत्तरेतले सिनुइजू शहर सोडून दक्षिणेत आले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी 27 निर्वासितांसह उपासना सुरू केली. जमीनजुमला आणि गावची मंडळी मागे टाकून आलेल्यांना इथे आपल्या बोलीत बोलणारी माणसे भेटत. 1992 च्या सुमारास सभासद 60 हजारांच्या घरात गेले. हान यांच्या प्रवचनांचा त्यात वाटा होताच, पण सुटलेले गाव पुन्हा जोडण्याची ओढ मला त्याहून मोठी वाटते. 1950 मध्ये मंडळीचे दगडी उपासनामंदिर बांधून होते न होते तोच कोरियन युद्ध पेटले आणि मंदिराची राखण करणारे वडील (मंडळीचे एल्डर) किम उंग-राक मारले गेले. त्यांचे स्मारक आवारातच आहे.

श्रद्धेचे म्हणाल, तर ती कोल्हापूरकरांना परकी नाही. ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने मिशनरी रॉयल वाइल्डर यांचे कोल्हापूरचे काम पुढे आपल्याकडे घेतले, त्याच बोर्डाचे मिशनरी होरेस अंडरवुड 1885 मध्ये कोरियात उतरले. देव सार्वभौम आहे, तारण त्याच्या कृपेनेच मिळते, शास्त्रवचन हा अखेरचा आधार आहे आणि विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा द्यावा, ही त्यातली मुख्य सूत्रे. आमच्यात बिशप नसतो. सभासद वडील निवडतात, पाळक आणि वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात आणि त्यांच्यावर प्रांतिक सभेची देखरेख असते. पहाटेची प्रार्थना मात्र अस्सल कोरियन. बाहेर मिट्ट काळोख असताना आजीबाई जाडजूड कोट घालून बाकावर येऊन बसतात आणि मुलानातवंडांची नावे एकेक करून देवापुढे ठेवतात.

कौतुक इथवर ठीक आहे. पण विचारलेच आहे, तर उरलेलेही सांगायला हवे. घरातून हुसकावले गेलेल्या या लोकांचा कम्युनिस्टद्वेष कडवा होता. 1948 मध्ये जेजू बेटावरील उठाव चिरडताना सामान्य गावकऱ्यांवर अत्याचार करणाऱ्या वायव्य युवक संघटनेत योंगनाकचे तरुणही होते. जपानी अमलात आपण शिंतो या जपानी धर्माच्या मंदिरापुढे वाकलो, हे पाप हान यांनी 1992 मध्ये टेंपलटन या धर्मविषयक कार्यासाठीच्या पुरस्काराच्या सत्कारात सर्वांसमक्ष कबूल केले. जेजूविषयीही मंडळीने तितक्याच मोकळेपणाने बोलावे असे माझे मत आहे, आणि ते मी आमच्या मंडळीच्या वडिलांनाही सांगत असतो.