बेरीज 52, सरकार शून्य

टीवायच्या वर्गाला सत्तावाटप शिकवताना यंदा नोट्स दिल्याच नाहीत. डेक्कनजवळच्या आमच्या कॉलेजात सलग दोन तास मिळाले, तेव्हा बाकं सरकवून यूकेचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडची विधानसभा भरवली. मे 2022 च्या निकालाप्रमाणे चिठ्ठ्या वाटल्या: शिन फेन 27, डीयूपी 25, अलायन्स 17, यूयूपी 9, एसडीएलपी 8, इतर 4. एकूण जागा 90. शिन फेन आणि एसडीएलपी नॅशनॅलिस्ट, म्हणजे आयर्लंडशी एकत्र व्हायचं म्हणणारे; डीयूपी आणि यूयूपी युनियनिस्ट, म्हणजे यूकेतच राहायचं म्हणणारे; अलायन्स दोन्हींत नाही. काम एकच, सरकार बसवा.

डीयूपीच्या मुलींनी बसल्या बसल्या हाताची घडी घातली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून येणारा माल आमच्याच बंदरांत तपासणार, मग आम्ही कोणत्या देशाचे? तपासणी जाईपर्यंत डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारातलं दुसरं पद, देणार नाही. झालं, सगळं ठप्प. 1998 च्या गुड फ्रायडे करारानुसार फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी जोडीनेच बसतात, एक उठला की दुसऱ्याचीही खुर्ची जाते.

"मॅडम, आमचे 27, अलायन्सचे 17, एसडीएलपीचे 8. 52 झाले की!" शिन फेनचा नेता वैतागला. बेरीज बरोबर, उपयोग काही नाही. मग महाराष्ट्रातल्या पोरांना जे सुचायचं तेच सुचलं. दोघं हळूच डीयूपीच्या बाकाशी गेले. "गुवाहाटीचं तिकीट काढू का?" वर्ग फुटला, डीयूपी फुटली नाही. आणि दहा जणी फुटल्या असत्या तरी डेप्युटीचं नाव द्यायचा हक्क युनियनिस्टांतल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा, म्हणजे डीयूपीचाच राहिला असता. 2001 साली, जेव्हा निवडीला युनियनिस्ट आमदारांचंही बहुमत लागायचं, अलायन्सचे तिघं मतदानापुरते 'युनियनिस्ट' झाले आणि यूयूपीचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांना फर्स्ट मिनिस्टर म्हणून निवडून आणलं, हा किस्सा मी मुद्दाम लपवून ठेवला होता. कळला असता तर पोरांनी दोन्ही तास त्यातच घालवले असते.

कोंडी हलवली ती कुठल्याच पक्षात नसलेल्या मुलीने. तिच्या चिठ्ठीवर फक्त 'नर्स' होतं. ती उठली आणि थेट डीयूपीसमोर उभी राहिली: "माझी पगारवाढ दोन वर्षं तुमच्या घडीत अडकलीय." 18 जानेवारी 2024 ला तिकडे लाखाहून जास्त सरकारी कर्मचारी संपावर गेले होते. लंडनने 3.3 अब्ज पौंड देऊ केले होते, पण आधी सरकार बसवा, ही अट. तरी डीयूपीच्या नेतीने पैशांवर मान हलवली नाही. "तपासणीचं बोला," म्हणाली. यूकेतच राहणाऱ्या मालाची नेहमीची तपासणी काढण्याचं लंडनचं आश्वासन मी वाचून दाखवलं, तेव्हा कुठे तिने डेप्युटीची चिठ्ठी उचलली. प्रत्यक्षात हे 3 फेब्रुवारी 2024 ला झालं. मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर, एमा लिटल-पेंगेली डेप्युटी, दोघींचे अधिकार सारखे.

खाती वाटायला फळ्यावर भागाकार मांडला, म्हणजे प्रत्येक पक्षाच्या जागांना 1, 2, 3 ने भागायचं आणि सगळ्यात मोठ्या आकड्याला पुढचं खातं: शिन फेनचे 27, 13.5, 9, डीयूपीचे 25, 12.5. न्याय खातं वेगळ्या मतदानाने अलायन्सकडे गेलं, उरलेली सात अशी वाटली. एसडीएलपीच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्यांनी आपलं बाक ओढत समोर नेलं आणि विरोधी पक्षाचा पहिला प्रश्न टाकला: "नर्सबाईंचा पगार कोणत्या तारखेला?"