पैठण, वेरूळ, अजिंठा: चार दिवस आणि तीन बॅटऱ्या

नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर, सकाळी पावणेआठला माझी पहिली बॅटरी संपली, तेव्हा कार्डावर फक्त ४३ फोटो होते. समोर उथळ पाण्यात चक्रवाकांची जोडी चरत होती, आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेला कॅमेरा हातात होता, आणि पडद्यावर बॅटरीचं रिकामं चित्र लुकलुकत होतं. दुसरी बॅटरी पिशवीच्या तळाशी. ती शोधून बसवेपर्यंत चक्रवाक उडून गेले.

त्या दिवशी उरलेला वेळ मी पक्ष्यांबरोबर टक्केवारीही वहीत लिहीत बसले. नवीन कॅमेरा घेऊन इकडे येणाऱ्यांना त्या वहीचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. फोटो काढण्यात बॅटरी फार जात नाही. ती वाट पाहण्यात जाते.

सकाळी काय झालं ते नंतर उलगडलं. थंडी होती म्हणून मी शाल पांघरली होती आणि कॅमेरा गळ्यात, शालीखाली. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरजवळ (डोळा लावून बघायच्या खिडकीजवळ) एक सेन्सर असतो. डोळा जवळ आला की आतला छोटा पडदा आपोआप लागतो. त्या सेन्सरला डोळा आणि शाल यांतला फरक कळत नाही. माझ्या छातीशी टेकलेला कॅमेरा दीड तास 'कोणीतरी बघतंय' असं समजून जागाच राहिला. शिवाय शटर न दाबताही सतत फोकस शोधत राहण्याची सोय चालू होती, त्यामुळे लेन्सची मोटरही आतल्या आत फिरत होती. तेव्हा पहिली सवय ही लावून घ्या: कॅमेरा गळ्यात सोडताना बटण बंद. पुन्हा चालू व्हायला क्षणभर लागतो, आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तेवढा वेळ देतात.

माझ्या बॅटरीवर ७.२ व्होल्ट आणि १०२० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं आहे. माहितीपत्रकात मागच्या पडद्यावर बघून ४१० फोटो आणि व्ह्यूफाइंडरमधून ३६० फोटो असे आकडे दिले आहेत. जुन्या डीएसएलआरवरून आलेल्यांना हे उलटं वाटेल, कारण तिथे व्ह्यूफाइंडर म्हणजे आरसा आणि काच, त्याला वीज लागतच नाही. मिररलेसमध्ये मात्र तोही एक पडदाच, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत तो मागच्या पडद्यापेक्षा जास्त खातो. हे आकडे जपानच्या कॅमेरा संघटनेच्या ठरलेल्या चाचणीचे असतात: सुमारे २३ अंश तापमान आणि साधारण अर्ध्या मिनिटाला एक फोटो. उडणाऱ्या थव्यावर एका दमात वीस फोटो घेतले तर आकडा पत्रकापेक्षा पुष्कळ वर जातो, आणि तासभर कॅमेरा चालू ठेवून नुसतं बघत बसलं तर माझ्यासारखा ४३ वर येतो.

त्याच काठावर बसून मी वायफाय आणि ब्लूटूथ बंद केलं, म्हणजे विमान मोड लावला. फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद केलं. सततचा फोकस बंद केला. आपोआप झोपी जाण्याची वेळ पाच मिनिटांवरून एका मिनिटावर आणली. दुसरी बॅटरी दुपारी बारापर्यंत पुरली, तीनशेच्या वर फोटो झाले तरी.

थंडीचं थोडं वेगळं आहे. जानेवारीत इकडे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. थंडीत बॅटरीच्या आतला विरोध वाढतो, कॅमेऱ्याने जोर मागितला की व्होल्ट खाली येतात, आणि कॅमेरा समजतो की बॅटरी संपली. नव्या बॅटरीला दहा अंशांचं फारसं वाटत नाही, पण माझी तीन नंबरची, पाच वर्षं वापरलेली बॅटरी २० टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडली. ती स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली, अर्ध्या तासाने पुन्हा लावली, आणि आणखी साठेक फोटो मिळाले. म्हणून पहाटे निघताना जादाच्या बॅटऱ्या पिशवीत नको, अंगाशी ठेवा. मात्र त्या खिशात किल्ल्या आणि सुटे पैसे नकोत. उघड्या टोकांना धातू लागला तर शॉर्ट होऊन बॅटरी तापते, पेटूही शकते. बॅटरीबरोबर आलेलं प्लास्टिकचं झाकण फेकून न देण्याचं कारण तेच.

मुक्काम पैठणला आत्याकडे होता. रात्री जेवण झालं की चार्जिंगला लावू असं मी म्हणाले, तर आत्या म्हणाली, "आत्ताच लाव गं, रात्री लाईटचा काही नेम नाही." आणि साडेनऊला लाईट गेलीच. तोवर दोन बॅटऱ्या भरल्या होत्या. मुक्कामावर पोचल्यावर पाण्याच्या आधी चार्जर लावा. बॅटरी कॅमेऱ्यात ठेवूनच चार्ज होत असेल तर एक वेगळा, दोन बॅटऱ्यांचा, यूएसबीवर चालणारा चार्जर घ्याच. तो पॉवर बँकेवर चालतो, आणि लाईट गेली तरी काम थांबत नाही.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. त्यांनी उमेदीत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलेलं. माझी अर्धी उतरलेली बॅटरी चार्जरवर बघून ते म्हणाले, "पूर्ण उतरू दे की आधी. अर्ध्यावर लावली तर सवय लागते तिला." त्यांच्या काळातल्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांना हे खरंच लागू होतं. आताच्या लिथियम-आयनला अशी सवय लागत नाही, उलट पार शून्यावर नेलं तर ती लवकर थकते. वीस-तीस टक्क्यांवर आली की लावलेली बरी. मी सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग मला जे शिकवलं ते मी कायमचं उचललं. प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून नंबर आणि विकत घेतल्याचं साल लिहायचं. डबीत भरलेली बॅटरी नंबर वर करून ठेवायची, वापरलेली पालथी. अंधारातही हाताला कळतं.

शुक्रवारी वेरूळ. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन आत शिरतं. सकाळी कैलास लेणं डोंगरावरून बघून घ्या आणि कॅमेरा जास्त चालवायचा तो तीननंतर. दहाव्या लेण्यात, ज्याला सुताराचं झोपडं म्हणतात, मी साडेचारला होते आणि तिथेच सगळ्यात समाधानाचे फोटो मिळाले. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून मी त्याचा उजेड पूर्ण वाढवला होता, आणि लेण्यात शिरल्यावर कमी करायचा विसरले. त्यात बॅटरी तर गेलीच, शिवाय झगझगीत पडद्यावर अंधारे फोटोही छान उजळ दिसत राहिले. संध्याकाळी लॅपटॉपवर बघितले तेव्हा डझनभर काळपट निघाले. आत-बाहेर करताना उजेड बदलत राहा.

इथे नळदुर्गची गोष्ट सांगायला हवी. मागच्या मे महिन्यात किल्ला बघायला गेलो आणि जादाची बॅटरी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली, पूर्ण भरलेली. बाहेर ४१ अंश, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. परत आलो तेव्हा ती मधोमध फुगली होती. स्वस्तातली बॅटरी होती, पण दोष माझ्या ठेवण्याचा. लिथियम बॅटरीला उन्हाळा थंडीपेक्षा वाईट. थंडीत गेलेली ताकद ऊब मिळाली की परत येते, उष्णतेने गेलेली येत नाही, आणि भरलेली बॅटरी तापली तर नुकसान आणखी वाढतं. मराठवाड्यात मार्च ते जून फिरणार असाल तर बॅटऱ्या सुती रुमालात गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि गाडीत सोडून जाऊ नका. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात कोंबू नका, अडकते. टोचू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यायची.

शनिवारी अजिंठा. जळगावकडे जाणारी एसटी टी पॉइंटला, म्हणजे लेण्यांच्या फाट्यावर सोडते, तिथून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसने. फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, ते रंग दीड हजार वर्षांचे आहेत. फ्लॅश नाही म्हणजे एक मोठा खर्च वाचतो, पण अंधारात फोकस चाचपडतो, आणि त्याला मदत म्हणून कॅमेरा स्वतःचा छोटा लाल दिवा लावतो. तोही आधीच बंद करा. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मी दहा मिनिटं कॅमेरा बंद ठेवून नुसती उभी राहिले, डोळे अंधाराला सरावू दिले. मग चालू केला, सात फोटो घेतले, बंद केला. तिथून सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पापर्यंत दिवसभर एकच बॅटरी पुरली. संध्याकाळी टी पॉइंटला तिच्यात २४ टक्के शिल्लक होते.

जाण्याचा बेत करताना वार बघून ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. संभाजीनगरहून पैठण ५० किलोमीटर, वेरूळ ३०, अजिंठा १०० च्या आसपास. रोहित पक्षी उथळ पाणी आणि चिखल उघडा पडला की येतात, त्यामुळे धरण तुडुंब भरलेल्या वर्षी ते उशिरा दिसतात. जायच्या आधी तिथल्या मच्छीमारांना विचारलेलं बरं.

परभणीला घरी आल्यावर तिन्ही बॅटऱ्यांची टोकं कोरड्या सुती कापडाने पुसली. काठावरची बारीक काळी माती तिथे बसलेली होती. पुढचा प्रवास दोन महिन्यांनी आहे, म्हणून पूर्ण न भरता निम्म्यावर आणून, कॅमेऱ्यातून काढून, झाकणं लावून कपाटाच्या खालच्या खणात ठेवल्या आहेत, तिथे ऊन येत नाही. महिन्याभराने एकदा बघेन. तीन नंबर आता घरातल्या फोटोंसाठीच.